ये नं, चा घेऊ

“तुमी इथं धंदा करायले येता, का फुकटचे पोहे खायले?”

प्रश्न पौर्णिमाच्या तोंडून निघाला खरा, पण तो तिचा नव्हता. शप्पथ! आरती आणि दीक्षाने पैज लावली होती. हॉलमधल्या कुठल्याही एका माणसाला हा प्रश्न तोंडावर विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमच्या दोघींच्या गाड्या पूस. आता असल्या पैजेला भिणारी पौर्णिमा असती, तर ही गोष्टच झाली नसती.

अमरावतीतल्या एका हॉटेलचा तो हॉल. शुक्रवार, सकाळचे साडेसात. दर शुक्रवारी इथे ‘उद्योजक भेट’ भरायची. आरतीचे बाबा हार्डवेअरवाले, सभासद. त्यांनी तिघींना पाहुण्या म्हणून आणलेलं. टाय लावलेली माणसं एकेक मिनिट उभी राहून आपापला धंदा सांगत होती, एकमेकांच्या हातात कार्डं कोंबत होती, आणि पौर्णिमा वैतागून गेली होती. बाई गं! अख्खं जग मोबाईलवर आलं, आणि ही माणसं पहाटे उठून, दाढ्या करून, निव्वळ हात मिळवायला येतात?

मागच्या टेबलाशी एकजण उभा होता. टाय नाही, कार्ड नाही, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हातात पोह्यांची तिसरी प्लेट. तिसरी! तिने मोजल्या होत्या. मघाशी त्याची पाळी आली तेव्हा बाकीचे मिनिटभर बोलले, हा म्हणाला, “मी गजेंद्र. अकोला. मंडप-डेकोरेशन. लग्न असलं की सांगा.” आणि बसला! पैजेसाठी याच्याहून लायक माणूस कुठे सापडणार होता?

त्याने प्रश्न ऐकला. शांतपणे घास गिळला. मग त्याची एक भुवई वर गेली, आणि तिच्या मागोमाग, जरा उशिराने, दुसरी.

“दोन्हीसाठी,” तो म्हणाला. “पण पोह्यायचं पक्कं असते. धंद्याचं नशिबावर.”

मागे आरती-दीक्षा एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. पौर्णिमाने आता निघायला हवं होतं. पैज जिंकून झाली होती. पण तो पुढे म्हणाला, “अन् तुमी? तुमी तर दोन्हीतलं एकही नाही करून राहिल्या. पोहे नाही खाल्ले, धंद्याचं नाही बोलल्या. आल्यापासून नुसत्या मोबाईल पाहून राहिल्या.”

म्हणजे... आल्यापासून हा पाहत होता?

“माझा धंदा मोबाईलवरच असते,” ती मान ताठ करून म्हणाली. “झेंडू अन् शेवंती. नांदगाव खंडेश्वरजवळ शेत हाये आमचं. मले असं हात मिळवत फिरायची गरज नाही. चार हजार फॉलोअर्स हायेत.”

“बापरे! चार हजार.” त्याने खरोखरच डोळे मोठे केले. “अन् त्यातले फुलं किती जन घेतेत?”

असला दुष्ट प्रश्न विचारायला याच्याशी कुणी पैज लावली होती?

उत्तरादाखल पौर्णिमाने त्याच्या हातात आपलं कार्ड दिलं. गुळगुळीत, केशरी, मधोमध काळा चौकोन. मोबाईल धरला की सगळं उघडतं. त्याने ते उलटं धरलं, सुलटं धरलं.

“यात चेहरा कुठं हाये?”

“स्कॅन करा, सगळं दिसन!”

“समोरच तर दिसून राहिला,” तो म्हणाला. आणि वर निर्लज्जपणे चौथी प्लेट घ्यायला गेला.

जाता जाता तो आरतीच्या बाबांपाशी थांबला. “काका, काकूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? दुसऱ्या डोळ्याचं कधी म्हनते डॉक्टर?” आरतीच्या बाबांचा चेहरा असा काही खुलला, की पौर्णिमाला कळेना, मिनिटभर भाषण ठोकलेल्या एकाही माणसाकडे पाहून तो असा का नाही खुलला?

असो. तिला काय करायचंय!

*

करायचं होतं. खूप करायचं होतं, कारण हातात फक्त दसऱ्यापर्यंतचा वेळ होता.

पौर्णिमाचे आबा, म्हणजे वडील सूर्यभानजी, यांनी सरळ सांगून टाकलं होतं: “पोरी, माहे गुडघे आता चालत नाही. बाजार माह्याच्यानं होत नाही. तुह्या त्या मोबाईलवरून यंदाचा दसऱ्याचा झेंडू इकून दाखव. नाही इकला, तर पुढल्या वर्षापासून फुलं बंद. नुसता हरभरा अन् सोयाबीन. अन् तू पुण्याले मावशीकडं. नोकरीचं तिनं बोलून ठेवलं हाये, दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं.”

पुण्यातली नोकरी म्हणजे कानाला मशीन लावून दिवसभर अनोळखी लोकांच्या शिव्या ऐकायच्या. आणि इथे? इथे सकाळी दार उघडलं की तीन एकर केशरी! कॉलेज संपल्यापासून वर्षभर पौर्णिमाने त्या केशरीवर जीव लावला होता. रोज फोटो. सकाळच्या उन्हात, तिरप्या कोनातून. आणि त्याआधी एक खास युक्ती: आईची कपडे इस्त्री करायची फवारणीची बाटली घ्यायची, फुलांवर फुस्स... फुस्स... करायचं. पाकळ्यांवर थेंब चमकले की फोटो असा निघायचा, की बघणाऱ्याने फुलाला हातच घालावा!

पण हात कुणी घालत नव्हतं. बदाम टाकायचे. ‘मस्त गं ताई’ लिहायचे. फूलवाल्या व्यापाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये ती होती, तीनशे बारा माणसं. तिने भावपत्रक टाकलं की लगेच कुणीतरी गुलाबाचं चित्र टाकायचं, ‘शुभ सकाळ’. ‘शुभ सकाळ’ला ‘शुभ सकाळ’. मग परत ‘शुभ सकाळ’. कपाळ!

शेवटी नाइलाजाने तिने त्या पोहेवाल्याला मेसेज केला. म्हणजे आरतीच्या बाबांकडून नंबर मिळवून. निव्वळ धंद्यासाठी!

‘नमस्कार. दसऱ्यासाठी उत्तम प्रतीचा झेंडू उपलब्ध. सोबत माहितीपत्रक व फोटो जोडले आहेत. कृपया आपली मागणी कळवावी.’

दोन निळ्या खुणा. मग तासाभराने उत्तर.

‘ये नं. चा घेऊ.’

एवढंच! बारा पानांचं माहितीपत्रक, रात्रंदिवस जागून केलेलं, आणि उत्तर काय, तर चा! तिने परत लिहिलं, ‘भेटीची आवश्यकता नाही. आपण फोनवर ठरवू शकतो.’

‘ये नं. चा घेऊ.’

‘मला अकोल्याला यायला दोन एसट्या बदलाव्या लागतात!!’

‘मंग नाश्ता पन करू.’

“आई गं!” पौर्णिमाने मोबाईल उशीवर आपटला. (उशीवरच; मोबाईल नवीन होता.) दीक्षाने तो उचलून सगळं वाचलं आणि गंभीर चेहऱ्याने निकाल दिला, “पोट्टा फसला हाये.”

“फसला नाही, आळशी हाये! त्याले टाइप करायचा कंटाळा येते!”

“मंग तू तीन-तीन मेसेज काहून केले त्याले?”

“...धंद्यासाठी.”

“हाव का?” आरती म्हणाली. “धंद्यासाठी त्याच्या डीपीले मोठं करून करून पाहून राहिली का?”

*

गुरुवारी ती गेली. चहासाठी नाही, भांडायला! नांदगावहून अमरावती, अमरावतीहून अकोला. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव... सप्टेंबरचं ऊन खिडकीतून मांडीवर येऊन बसलं होतं, आणि पौर्णिमा मनातल्या मनात वाक्यं पाजळत होती. ‘मिस्टर गजेंद्र, व्यवसाय म्हणजे पोरखेळ नव्हे.’ हे छान होतं. ‘मिस्टर’ शब्दाला धार होती.

दुकानात तो नव्हता. “फुलबाजारात चा पीत असन,” शेजारचा म्हणाला. अर्थात! दुसरं काय करत असणार?

फुलबाजारात तो एका म्हातारीपुढे पोत्यावर मांडी घालून बसला होता. म्हातारी न बघता हार ओवत होती. सुई वर, फूल खाली, सुई वर. ही पार्बताबाई. तिने मान हलवली की बाजार माल उचलायचा, तिने नाक मुरडलं की माल परत गाडीत. गजेंद्रने पौर्णिमाला पाहिलं, आणि आधी एक भुवई, मग दुसरी...

“आली!” तो उठून उभाच राहिला.

पौर्णिमाने तोंड उघडलं. ‘मिस्टर’ अगदी ओठांवर होता. पण त्याआधीच पार्बताबाईने सुई थांबवून तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “हीच का थे पानी मारनारी पोट्टी?”

“पानी... काय?”

गजेंद्र एकदम स्वतःच्या चपला बघायला लागला.

पार्बताबाईने कमरेची पिशवी सोडली, मोबाईल काढला, बोटाने ढकलत ढकलत एक फोटो काढून पौर्णिमाच्या नाकासमोर धरला. पौर्णिमाचाच फोटो! तिचा सगळ्यात लाडका. थेंब मोत्यांसारखे.

“फुलावर पानी मारलं का वजन वाढते,” म्हातारी म्हणाली. “सकाळी टवटवीत, दुपारी उकिरडा. लबाड लोकं मारतेत, पन लपून मारतेत. चोरी करून वरतून फोटो काढनारी तूच पाहिली, माय!”

आजूबाजूचे चार-पाचजण हसले. आणि पौर्णिमाच्या डोक्यात एकेक करून सगळं लागत गेलं. तीनशे बारा माणसांचं गप्प बसणं. शुभ सकाळ. वर्षभर रोज, इमानेइतबारे, तिरप्या कोनातून, ती साऱ्या वऱ्हाडाला सांगत होती की आमचा माल ओला आहे!

“ते... ते फक्त फोटोपुरतं होतं,” ती कशीबशी म्हणाली. “इस्त्रीच्या बाटलीनं. छान दिसते म्हणून...”

हसू आणखी वाढलं. तिचे डोळे भरून आले, आणि त्याचा तिला इतका संताप आला की ती तरातरा बाजाराबाहेर निघाली. गजेंद्र मागे धावला.

“थांब नं! पौर्णिमा!”

“तुमाले माहीत होतं!”

“हाव.”

“पहिल्या दिवसापासून?”

“कार्ड घरी नेऊन स्कॅन केलं तवापासून. पन मले हेही माहीत होतं का तू पानी मारत नाही. जो खरंच मारते, थो असा चौकात ढोल नाही वाजवत.”

“मंग मेसेजमधी सांगता येत नव्हतं? एका ओळीचं तर काम होतं!”

“काय लिहू?” आता तोही वैतागला. “मॅडम, बाजार तुमाले लबाड समजून राहिला, असं लिहू? अनोळखी मानसानं असं लिहिलं असतं, तर तू मले ब्लॉक केलं असतं.”

“केलंच असतं!”

“मंग?”

मंग काय? ती नाक पुसत उभी राहिली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की हा मघापासून ‘तू’ म्हणतोय. आणि तिच्याही आधी त्याच्या लक्षात आलं होतं, कारण त्याचे कान लाल झाले होते.

“अशा गोष्टी समोर बसून सांगा लागतेत,” तो हळू आवाजात म्हणाला. “ऐकनाऱ्याचं तोंड दिसलं पायजे. कुठं थांबाचं थे समजते.” मग जरा थांबून, “ये इकडं.”

एका टोपलीतून त्याने झेंडूचं फूल उचललं, तिच्या तळहातावर ठेवलं, आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. “दाब.”

“काय?”

“दाब नं. जोरात. आता सोड.”

तिने मूठ उघडली. चुरगळलेल्या पाकळ्या एक क्षण तशाच राहिल्या... आणि मग हळूहळू, अंग झाडून उठावं तशा, परत फुलल्या. “हे कोरडं,” तो म्हणाला. दुसऱ्या टोपलीतलं फूल. परत तिची बोटं, परत त्याची बोटं. या वेळी तळहाताला गार लागलं, आणि मूठ उघडली तरी फूल गोळा होऊन तसंच पडून राहिलं.

“सारा बाजार असाच माल घेते. मुठीनं. आता सांग, हे फोटोत कसं दिसन?”

पौर्णिमाचं लक्ष फोटोत नव्हतंच. कारण फूल केव्हाच दाबून झालं होतं, आणि त्याचा हात अजून तिच्या हाताभोवती होता. दोघांच्याही ते एकदमच ध्यानात आलं. त्याने हात असा काही काढला, जणू चटका बसला.

“पुढच्या गुरुवारी,” तो घसा साफ करत म्हणाला, “एक क्रेट घेऊन ये. संध्याकाळी तोडलेला, सावलीत पसरलेला. मी... मी चा सांगतो.”

*

एसटीत झेंडूचा क्रेट मांडीवर घेऊन बसणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. “ताई, हे लगेज हाये का पाहुनी?” कंडक्टर. “जरा सरकवता का, मले शिंका येऊन राहिल्या.” शेजारच्या काकू. मूर्तिजापूरपर्यंत पौर्णिमाचा पाय बधिर झाला होता आणि ती स्वतःलाच विचारत होती: एका बोटाने जे काम व्हायला हवं त्यासाठी मी ही हमाली का करतेय?

अकोल्यात तर कहरच! गजेंद्र तिला एकेका दुकानात नेई, आणि कुठेही, कुठ्ठेही, तो आधी धंद्याचं बोलत नसे. “वहिनी माहेरून आल्या का?” “पोरीचा बारावीचा क्लास कसा हाये?” मग चा. मग, अगदी चपला घालता घालता, “ही पौर्णिमा. नांदगावकडची. हिचा झेंडू पाहा बरं.” मूठ. दाब. सोड. पुढचं दुकान. पुढचा चा.

“हा अकरावा कप हाये!” पौर्णिमा किंचाळली. “माझ्या पोटात आता चहाचं धरण झालं!”

“बारावा पार्बताबाईचा. थो नाही सोडता येत.”

पार्बताबाईने फूल दाबलं. सोडलं. परत दाबलं. “बाप कोन तुहा?”

“सूर्यभान. नांदगावचे.”

म्हातारीची सुई थांबली. “गुरुवारचा सूर्यभान? धोतरात फुलं बांधून आनायचा थो?” ती पहिल्यांदाच हसली. तोंडात दोनच दात, पण हसू पूर्ण. “त्याचा माल कधी ओला नसे. गुडघ्यापायी बस सोडली म्हने त्यानं. मेल्यानं एक डाव येऊन सांगतलंही नाही!”

पौर्णिमाला माहीतच नव्हतं. आबांनी कधी सांगितलंच नव्हतं, की मोबाईलच्या कितीतरी आधी त्यांचंही असं एक जाळं होतं. गुरुवारचं, चहाचं, मुठीचं.

त्यानंतरच्या गुरुवारी दोन क्रेट. त्यापुढच्या गुरुवारी चार, आणि टपावर चढवायला गजेंद्रने मूर्तिजापूरच्या कंडक्टरची ओळख काढलेली. (त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाचा मंडप! अर्थात!) आता पौर्णिमालाही ठाऊक झालं, कोणाला चा कमी साखरेचा लागतो, कोणाचा मुलगा सैन्यात गेलाय, कोणाशी बुधवारी बोलायचं नाही. तिचा वैताग मात्र गेला नव्हता. फक्त त्याची जागा बदलली होती. आता ती वैतागायची ते शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार आणि बुधवारवर. हे वार मध्ये कशाला ठेवलेत?

“तू मेसेज काहून करत नाही?” एकदा तिने विचारलं. “मानूस कसा हाये, जेवला का, एवढं तरी!”

“गुरुवारी विचारतो नं.”

“अन् मी बुधवारी मेली तर?”

“नाही मरत तू. भांडन अर्धं सोडून तू कुठंच जात नाही.” एक भुवई. मग दुसरी. आणि या वेळी ती दुसरी भुवई वर जाईपर्यंत तिने वाट पाहिली, मुद्दाम.

दसऱ्याआधीच्या गुरुवारी पार्बताबाईने एक फूल दाबून सोडलं, ते उमलेपर्यंत पाहिलं, आणि ओवण्याऐवजी पौर्णिमाच्या वेणीत खोचलं. “दसऱ्याले तुह्या शेताचा झेंडू.” कागद नाही, सही नाही. पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराने तेच म्हटलं.

आणि दसऱ्याला तीन एकर केशरी रिकामं झालं! सूर्यभानजींनी बांधावरून अख्ख्या शेतावर नजर फिरवली. मग म्हणाले, “हरभऱ्याचं पाहू पुढच्या वर्षी.” थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, “पुण्याचं मात्र तुह्यं तू पाहाय. मावशीनं शब्द टाकला हाये. जायचं तर रविवारी निघा लागन.”

*

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी पौर्णिमा अकोल्याला गेली ती एक वाक्य ऐकायला. एकच! ‘जाऊ नको.’ दोन शब्द. रस्त्यातल्या कुत्र्याचीही विचारपूस करणारा हा माणूस, दोन शब्द बोलणार नाही होय?

नाही बोलला!

दिवसभरात चहाही अकराच. स्टँडवर तिची बस लागली, ती खिडकीशी बसली, आणि त्याने खिडकीतून कागदी कप वर दिला.

“पुन्यात चा बरा भेटते म्हनतेत,” तो म्हणाला.

“भेटत असन.”

“हाव.”

“...अजून काही?”

त्याने तोंड उघडलं. तिने श्वास धरला. त्याने तोंड मिटलं. बस सुटली.

अरे बोल नं, माठ्या! तिला खिडकीतून उडी मारून त्याला हलवावंसं वाटलं. बोरगाव गेलं. तिने चहा पिऊन टाकला, थंड झाला होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे मोबाईल थरथरला.

गजेंद्र. चार शब्दांपेक्षा मोठा त्याचा आयुष्यातला पहिला मेसेज.

‘पौर्णिमा मले समोर बोलता नाही आलं. साऱ्या गावाशी बोलतो पन आज तुह्याकडं पाहून जीभच नाही उचलली. तू बारा चा पेली तरी मले वाटे अजून एक दुकान पायजे होतं. तू अमरावतीले पोह्याचं विचारलं तवाच मी पाचवी प्लेट घेनार होतो, उगाच, तू अजून काही विचारशील म्हून. तू पुन्याले जाय, चांगली नोकरी हाये. पन मले तू आवडते. लय. चुकलं असन त सोडून दे.’

तिने एकदा वाचलं. दोनदा. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं पुसट झाली, कारण डोळ्यांत... आणि मग, डोळे पुसता पुसताच, ती भडकली. अशी भडकली की शेजारची बाई सरकून बसली. सहा आठवडे! दोन एसट्या, बधिर पाय, धरणभर चहा! ‘अशा गोष्टी समोर बसून सांगा लागतेत’ म्हणे! ‘ऐकनाऱ्याचं तोंड दिसलं पायजे’ म्हणे! आणि स्वतःची पाळी आली तर हा मेसेज करतो?

तिने लांबलचक लिहिलं. पुसलं. आणखी लांबलचक लिहिलं. तेही पुसलं. मग ओठ आवळून, हसू दाबून, चारच शब्द पाठवले.

‘ये नं. चा घेऊ.’

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

*

शुक्रवार तसाच गेला. शनिवारी सकाळी नऊला शेताच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, एक मोटारसायकल थांबली. धुळीने भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या, आणि मागे दोरीने बांधलेले सहा रिकामे क्रेट.

पौर्णिमा धावतच गेली. धुऱ्यापाशी पोचल्यावर मात्र चालायला लागली, हळूहळू, जणू सहजच आली.

“क्रेट द्यायले आलो,” तो म्हणाला.

“अकोल्याहून?”

“रिकामे होते. म्हटलं...”

“गजेंद्र!”

त्याने हातातली किल्ली खिशात टाकली. परत काढली. परत टाकली. मग पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. “मले गुरुवार पुरत नाही, पौर्णिमा.”

वारा नव्हता, तरी उरलीसुरली शेवंती हलल्यासारखी वाटली.

“मले तरी कुठं पुरते?” ती म्हणाली. “पन हे गुरुवारीच बोलला असता, तर माझे दोन दिवस वाचले असते नं, माठ्या!”

“पोरी, कोन हाये गं?” घराच्या ओट्यावरून मनकर्णाबाईंनी, तिच्या आईने, हाक मारली. सूर्यभानजी खाटेवर बसून क्रेटांकडे बघत होते, मग मोटारसायकलकडे, मग पोराकडे. रिकाम्या क्रेटांसाठी एवढ्या दुरून येणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

गजेंद्र ओट्यापाशी आला आणि वाकून पाया पडला. “काका, गुडघे कसे हायेत? पार्बताबाईनं विचारलं. अन् म्हने, मेल्याले सांग, एक डाव तोंड दाखवून जाय.”

सूर्यभानजी चमकले. “पार्बता? हाये अजून?” त्यांचा चेहरा खुलला. अगदी त्या दिवशी आरतीच्या बाबांचा खुलला होता तस्साच. पौर्णिमाने ते पाहिलं, आणि तिच्या मनात उरलंसुरलं जे काही होतं, ते तिथेच ठरून गेलं.

“माय, पाच कप चा ठेव,” ती म्हणाली.

“पाच? आपन त चारच जन.”

“एकाचं एकानं भागत नाही.” तिने पदरासारखी ओढणी खोचली आणि आई-वडिलांच्या पुढ्यात उभी राहिली. “आबा, मावशीले फोन करा. मी पुण्याले जाऊन नाही राहिली. झेंडू मीच पाहीन, अन् दर गुरुवारी अकोल्याले मीच जाईन. तुमचे गुडघे बरे असले त तुमी पन चाला.”

“बरं,” सूर्यभानजी सावकाश म्हणाले. “अन् हा?”

“हा गजेंद्र. मी याच्याशीच लगन करनार हाये.” आईच्या हातातली चिमटी चहाच्या डब्यातच थांबली. गजेंद्रच्या दोन्ही भुवया, आयुष्यात पहिल्यांदा, एकदमच वर गेल्या. “आज नाही. घाई नाही. आधी तुमी याले इथं बसवून आठ-दहा गुरुवार चा पाजा. काय विचारायचं थे समोर बसवून विचारा. दाबून पाहा, सोडून पाहा.” आणि तिने त्याच्या धुळकट भुवयांकडे पाहत, लाजत-लाजत पण खणखणीत सांगून टाकलं, “मी पाहिला हाये, आबा. पानी मारलेला माल नाही हा.”